तुळशीपाशीं भाजीचा वाफा

वसंतपंचमी आठ दिवसांवर आली कीं आमच्या घरीं तीन वस्तु एका जागीं येतात : एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि पंचांग. कागदावर परसाचा नकाशा काढला जातो आणि पंचांगाचीं पानें पाडव्यापर्यंत मोजलीं जातात. भेंडी-गवारीला का मुहूर्त लागतो, असें आपल्यापैकीं कोणी हंसून विचारील. मुहूर्त लागत नाहीं. पण पंचांग मात्र लागतें. तें कशासाठीं, हें पुढें ओघानें येईलच. त्याआधीं ज्या वर्षीं मीं हा कागद काढलाच नव्हता, त्या वर्षाची हकीकत सांगितली पाहिजे.

आम्ही पुण्यांत तळमजल्यावरच्या जागेंत राहावयास आलों, तेव्हां मागच्या बाजूस १२ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी मोकळी जमीन मिळाली. आयुष्यभर चाळींत राहिलेल्या माणसाला एवढी जमीन म्हणजे जहागीरच. मीं बियाण्याच्या दुकानांत जाऊन पुड्या आणल्या, त्या सतरा प्रकारच्या. सासूबाईंनीं त्या एकदां मोजल्या आणि कांहीं न बोलतां परत ठेवल्या. फाल्गुनांत सारें उगवून आलें. शेजारपाजारच्या बायका पाहावयास येत आणि मी प्रत्येक वाफ्यापाशीं उभी राहून रोपाचें नांव सांगे. वैशाखांत रत्नागिरीस घरचें लग्न निघालें. आठ दिवस घर बंद राहणार होतें. शेजारच्या काकूंना म्हटलें, "काकू, झाडांना तेवढें पाणी घालाल ना?" त्या म्हणाल्या, "घालीन हो, त्यांत सांगायचें काय!"

परत येऊन मागचें दार उघडलें, तों तुळस टवटवीत. वृंदावन ओलें, पुढें दोन बोटांची रांगोळी, मंजिऱ्याही खुडलेल्या. तेथून चार पावलांवर माझे सतरा प्रकार वाळून कोळ झालेले. गवार आणि चवळी तेवढी कशीबशी तग धरून होती. मला राग आला, आणि तो मीं लपविलाही नाहीं. काकूंना तर माझा राग कळेचना. "अग, रोज स्नान झालें कीं ओलेत्यानें येऊन पाणी घालीत होतें. एक दिवस चुकलें नाहीं!" त्या खरेंच सांगत होत्या. त्यांच्या लेखीं झाडाला पाणी घालणें म्हणजे तुळशीला पाणी घालणें. शिवाय माझ्या त्या बागेला दिवसाला चार-पांच बादल्या पाणी लागे. सत्तरीच्या बाईनें तें कोठून आणि कसें वाहावें, हा विचार मीं केलाच नव्हता.

रात्रीं सासूबाई म्हणाल्या, "ती तुळशीला विसरली नाहीं, कारण तुळस तिच्या पूजेंत आहे. तुझा वाफा कुणाच्या पूजेंत होता?"

आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे, तें बहुतेक या एका प्रश्नांत आलें आहे. घरच्या भाजीचा बेत आपण बियाण्यापासून सुरू करतों. तो सुरू व्हावा आपल्या नित्यक्रमापासून. आणि ज्या घरांत देवपूजा आहे, त्या घरांत सर्वांत न चुकणारा नित्यक्रम तोच असतो.

ही कल्पना सासूबाईंची नव्हे. ती या भूमींत फार जुनी आहे. हल्लींच्या सोलापूर जिल्ह्यांतील अरण या गांवीं तेराव्या शतकांत संत सांवता माळी होऊन गेले. ज्ञानदेव-नामदेवांचे ते समकालीन. शके १२१७ मध्यें, म्हणजे इ. स. १२९५ मध्यें त्यांनीं देह ठेवला. पंढरपूर कांहीं दूर नव्हतें, तरी मळा सोडून सांवतोबा वारीला गेले नाहींत, मळ्यांतच त्यांना विठ्ठल भेटला, अशी परंपरा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सांवतोबांच्या पुण्यतिथीस, आषाढ वद्यांत, पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला येते. या कथेचा अर्थ पुष्कळ जण सोयीचा करून घेतात. कोणी म्हणतो, काम हीच पूजा, तेव्हां देवाचें नांव नको. कोणी म्हणतो, देव मळ्यांत येतो, तेव्हां मळ्याची काळजी तोच करील. मला दोन्ही पटत नाहीं. पाटाचें पाणी कोणत्या वाफ्याला केव्हां वळवावयाचें, हें ज्याला कळत नाहीं तो माळीच नव्हे. बीं रुजणें आपल्या हातीं नाहीं हें खरें. पण पाणी मोजणें आपल्याच हातीं आहे, आणि तें न करतां देवावर हवाला ठेवणें याला मी श्रद्धा म्हणणार नाहीं, आळस म्हणेन.

तेव्हां बेताची सुरुवात पाण्याच्या मापानें. चैत्र-वैशाखांत भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला, म्हणजे साधारण ११ चौरस फुटांना, रोज ५ ते ७ लिटर पाणी हवें. आतां घरांत किती पाणी आहे तें पाहा. आम्हीं एक आठवडा स्वयंपाकघरांत एक बादली ठेवून मोजलें. तांदूळ-डाळी धुतलेलें, भाजी धुतलेलें आणि सकाळीं पिण्याचीं भांडीं घांसतांना ओतून टाकावयाचें शिळें पाणी, असें मिळून दिवसाला सुमारें १२ लिटर निघालें. त्यांत नळाची १५ लिटरची एक बादली घातली कीं झाले २७. म्हणजे उन्हाळ्यांत आम्हांला चार, फार तर साडेचार चौरस मीटर जमीन जगवितां येते. जमीन आहे अकरा चौरस मीटरांची; तरीही पेरावयाची ती चारच. बाकीची पावसाची वाट पाहत पडूं द्यावी. हें गणित मनाला फार लागतें, पण वैशाखांत कोमेजलेलीं रोपें पाहण्यापेक्षां माघांत कागदावर रेघ मारणें बरें. साबणाचें पाणी मात्र भाजीला घालूं नये. हल्लींच्या धुण्याच्या पुडींतील क्षार जमिनींत सांचत जातात. मिठाचें पाणी तर मुळींच नको. आणि वाफ्यावर दोन-तीन बोटें जाड पाचोळ्याचें आच्छादन घातलें, तर माती दुपारच्या उन्हांतही आंतून ओलसर राहते.

दुसरें माप उन्हाचें. फळभाजीला दिवसाचें निदान सहा तास ऊन हवें. सकाळीं आठला, दुपारीं बाराला आणि चारला परसांत जाऊन सावली कोठें पडते त्याच्या रेघा कागदावर काढाव्या. एवढें केलें म्हणजे निम्मे वाद मिटतात. जेथें चार तासच ऊन मिळतें तेथें पालेभाजी, जेथें दोन तास तेथें अळू. ज्यांना परसू नाहीं, गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांनीं तेलाच्या १५ लिटरच्या डब्यांना बुडाशीं भोकें पाडून तेच वाफे समजावे. ओल्या मातीनें भरलेल्या अशा डब्याचें वजन सुमारें २० किलो होतें. तेव्हां ते सज्जाच्या कठड्याकडे न ठेवतां भिंतीलगत ठेवावे. मातीविषयीं मी फार बोलत नाहीं. एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत किंवा घरच्या कचऱ्याचें खत आणि दोन भाग माती, एवढें पुरे होतें. खत पूर्ण कुजलेलें हवें, इतकेंच. कच्च्या शेणानें वाळवी येते.

आतां काय लावावें? घरांत जें खाल्लें जातें तें, आणि त्यांतलेंही ऋतूला सोसेल तें. मेथी आणि पालक आपल्याला फार प्रिय, पण उन्हाळ्यांत पालक चटकन् तुऱ्यावर येतो. टोमॅटोला दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर गेली कीं फूल धरवत नाहीं. वसंतांत पेरून ग्रीष्मांत खावयाच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, कारलें, दोडका, आणि पालेभाज्यांत तांदुळजा व लाल माठ. चार चौरस मीटरांत यांतल्या पांचांहून अधिक घेऊं नयेत. आमच्या कागदावर सोळा झाडें भेंडीचीं असतात, दोन ओळींमध्यें दीड फूट आणि दोन झाडांमध्यें एक फूट अंतर ठेवून. एवढ्यांत आम्हां चार माणसांची एका दिवसाआड एक वेळची भाजी होते. भेंडी कोवळीच तोडावी. झाडावर जून होऊं दिली कीं झाड पुढचीं फुलें कमी देतें. भेंडीच्या शेजारीं चवळी किंवा गवार असावी, कारण या शेंगवर्गाच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जीव हवेंतील नत्र जमिनींत आणतात. एका कडेला पालेभाजीची अरुंद पट्टी, आणि मांडवावर एक वेल, मग तो दुधीचा असो कीं दोडक्याचा.

आतां पंचांगाकडे येतें. वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीस येते. तेथून चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंत सुमारें पंचावन्न दिवस होतात. भेंडीची पहिली तोड पेरणीपासून ४५ ते ५५ दिवसांनीं मिळते. महाशिवरात्र ते पाडवा जेमतेम एक महिना. तांदुळजा आणि माठ २५ ते ३० दिवसांत खुडावयास येतात. म्हणजे वसंतपंचमीस रात्रभर भिजविलेली भेंडी टोंचली आणि महाशिवरात्रीस माठ फेंकला, तर पाडव्याच्या नैवेद्याला घरची भाजी पानांत पडते. सणाच्या तिथि या मनाला बांधलेल्या गांठी आहेत. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत पेरूं" असें म्हटलें कीं तो आठवडा निघून जातो. वसंतपंचमी निघून जात नाहीं.

पण येथें एक सावधगिरी हवी. रोप तिथि पाहत नाहीं, सूर्य पाहतें. साधारण तेहतीस महिन्यांनीं अधिक मास येतो आणि तिथि पुढें-मागें सरकतात. वसंतपंचमी एखाद्या वर्षीं जानेवारीच्या चौथ्या आठवड्यांत येते, एखाद्या वर्षीं फेब्रुवारीच्या मध्यास. जानेवारींत पुण्याच्या रात्रीं गार असतात आणि गार मातींत भेंडीचें बीं नुसतें पडून राहतें, कधीं कुजतेंही. अशा वर्षीं आम्ही पंचमीला वाफा खणून त्यांत खत मिसळतों, त्यावर हळदकुंकू वाहतों, आणि बीं दहा-बारा दिवसांनीं टोंचतों. पाडव्याला मग भेंडी मिळत नाहीं, माठावर भागवावें लागतें. देव त्यावर रुसल्याचें अजून दिसलें नाहीं. मुंबईस किंवा कोंकणपट्टींत थंडी बेताची, तेथें ही अडचण येत नाहीं.

सासूबाईंच्या प्रश्नाला आम्हीं दुसऱ्या वर्षीं उत्तर दिलें तें असें. वाफे परसाच्या टोकाला होते, ते उचलून वृंदावनाच्या भोंवतीं आणले. पूर्वेस भेंडी, दक्षिणेस शेंगा, पश्चिमेस वेल, उत्तरेस पालेभाजी. मधून एक हात रुंदीची वाट. तुळशीला तांब्याभर पाणी घालावयाचें, मग हातांत झारी घेऊन प्रदक्षिणा. प्रदक्षिणा पुरी होते तेव्हां चारही वाफ्यांना पाणी मिळालेलें असतें, आणि कोठें कीड दिसली, कोठें काठी कलली, तेंही नजरेंतून सुटत नाहीं. पाणी सकाळींच घातलें जातें, हाही लाभ. भर उन्हांत घातलेलें बरेंचसें वाफेवाटे उडून जातें. तुळशीच्या मुळाशीं मात्र पाणी सांचूं देऊं नये, म्हणून वृंदावन वाफ्यांहून वीतभर उंच हवें. काकूंना पुढल्या खेपेस "झाडांना पाणी घाला" असें मीं म्हटलें नाहीं. त्यांच्या हातीं लहान झारी दिली आणि म्हटलें, "आमची प्रदक्षिणा आठ दिवस तुमच्याकडे." परत आलों तों भेंडी फुलली होती.

तुळशीच्या या शेजाराचा एक फायदा आम्हांला आधीं ठाऊक नव्हता. तुळस मंजिरीवर आली कीं तिच्यावर मधमाशा गर्दी करतात, आणि त्याच माशा शेजारच्या काकडीच्या फुलांकडे वळतात. शहरांतल्या बागेंत माशांचा दुष्काळ हें वेलवर्गाचें मोठें दुखणें आहे. म्हणून सगळ्या मंजिऱ्या खुडूं नयेत, थोड्या राहूं द्याव्या.

वेलाविषयीं आणखी एक सांगण्यासारखें आहे. आमच्या दुधीला पहिलीं फुलें आलीं आणि चार दिवस सारखीं गळत राहिलीं. समोरच्या बिऱ्हाडांतील आजी म्हणाल्या, दृष्ट लागली. आणि त्यांनीं स्वतः येऊन मांडवाला लिंबू-मिरच्या बांधल्या. त्यांचें मन मोडवेना म्हणून मीं बांधूं दिल्या. पण खरें कारण असें कीं दुधी, काकडी, भोपळा यांच्या वेलांवर नर आणि मादी अशीं निरनिराळीं फुलें येतात. आधीं नुसतीं नर फुलें येतात आणि तीं उमलून गळून पडणें हाच त्यांचा धर्म. मादी फूल मागाहून येतें. त्याच्या देंठाशीं बोटभर लहानसें फळ आधींच दिसतें. तें पिवळें पडून गळूं लागलें तरच काळजी करावी, कारण त्याला पराग मिळालेला नाहीं असा त्याचा अर्थ. मग नर फूल खुडून, पाकळ्या मागें दुमडून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हळूच टेंकवावा. काकडी, कारलें, लाल भोपळा यांचीं फुलें सकाळीं उमलतात. दुधी आणि दोडका यांचीं सांजेला. आमच्या घरीं सांजवात लावून झाली कीं मुलगा विजेरी घेऊन दुधीकडे जातो. लिंबू-मिरच्या महिनाभर मांडवावर लटकत होत्या, आणि दुधी भरपूर लागल्या त्याचें श्रेय आजी अद्याप सोडीत नाहींत.

किडीसाठीं विषारी फवारे घरच्या भाजीवर मारूं नयेत. मारावयाचे असतील तर बाजारची भाजी काय वाईट? पाडव्याला आपण कडुलिंबाचा पाला खातों, त्याच झाडाची लिंबोळी येथें उपयोगी पडते. ती ज्येष्ठाच्या सुमारास पिकते, म्हणून आदल्या वर्षींच गोळा करून, वाळवून ठेवावी लागते. फोडलेल्या लिंबोळीच्या गराची ५० ग्राम भरड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा घालावा आणि संध्याकाळीं पानांच्या खालच्या बाजूस शिंपडावी. मावा आणि तुडतुडे यांवर ती चांगली चालते. भुरीवर तिचा फार भरंवसा मात्र धरूं नये.

वसंतांतल्या कागदावर भाद्रपदाची एक जागा राखून ठेवावी, ही माझी विशेष विनंति आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचें त्या दिवशीं खावयाचें नाहीं, हाताने खणलेल्या जमिनींतलेंच खावयाचें, असें हें व्रत. शहरांत आपण तें पाळतों म्हणजे काय करतों? बाजारांतून "ऋषीची भाजी" म्हणून मिळणारा वाटा आणतों, आणि ती कशाने नांगरलेल्या शेतांत झाली हें विचारीत नाहीं. परसांत चार हात जागा असेल, तर हें व्रत अक्षरशः पाळतां येतें. सांडपाणी मुरतें तेथें चैत्रांतच अळूचे कांदे लावून ठेवावे. पहिला पाऊस पडला कीं रिकाम्या ठेवलेल्या जमिनींत लाल भोपळा, पडवळ, दोडका आणि मक्याचे चार दाणे टोंचावे. उन्हाळ्यांत पाणी नाहीं म्हणून सोडलेली सात चौरस मीटर जमीन अशी कामास येते. आमच्या घरीं वर्षाच्या साऱ्या भाज्यांत सासूबाईंना त्या दिवशींच्या बेचव, मसाला नसलेल्या भाजीचा जितका अभिमान होता, तितका कशाचाच नव्हता.

पहिली तोड देवापुढें ठेवावी ही चाल सर्वत्र आहे. कोंकणांत नवान्न आहे. गोव्यांतील ख्रिस्ती शेतकरी ऑगस्टमध्यें भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्यें नेऊन त्यांवर आशीर्वाद घेतात. आमच्या त्या दुसऱ्या वर्षीं पाडव्याला भेंड्या निघाल्या नऊ. मला वाटलें, नैवेद्याला एक ठेवावी आणि आठांची भाजी करावी. सासूबाईंनीं नऊच्या नऊ ताम्हनांत ठेवल्या, आणि आरती झाल्यावर त्यांतल्या पांच काकूंकडे पाठवून दिल्या. आम्हां चौघांत चार भेंड्या चिरल्या.

सासूबाई आतां नाहींत. प्रत्येक वाफ्यांतील सर्वांत जोमदार झाडावरचीं दोन-तीन फळें बियाण्यासाठीं वाळूं द्यावयाचीं, हा त्यांचा नेम चालू आहे, त्यामुळें भेंडी आणि चवळी यांच्या पुड्या विकत आणाव्या लागत नाहींत. यंदाचा कागद कालच काढला. काकू चष्मा लावून त्यावर वांकल्या होत्या. पश्चिमेच्या मांडवावर दुधीऐवजीं कारलें असावें असा त्यांचा आग्रह आहे. आमच्या घरांत कारलें कोणी खात नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे. पण प्रदक्षिणेंत त्यांचाही वांटा आहे, तेव्हां नाहीं म्हणणें अवघड. पंचमीला अजून आठ दिवस आहेत.